प्रोफेसर केळफांचा माग

जादूगाराचा इतिहास लिहायला बसणाऱ्याची पहिली अडचण अशी, की ज्याच्याबद्दल लिहायचे त्याने जन्मभर पुरावा लपवण्याचाच धंदा केलेला असतो. खेळ संपला की पेटी बंद. पेटीची कळ त्याला एकट्यालाच ठाऊक. तो गेल्यावर घरच्यांच्या लेखी ती पेटी म्हणजे माळ्यावरची अडगळ, आणि भंगारवाल्याच्या लेखी चार किलो पत्रा. मागे राहतात ती हस्तपत्रके, तिकिटांची अर्धुके, एखादे पदक, वर्तमानपत्रातली जाहिरात. जाहिरातीवर भरवसा ठेवावा, तर जादूगाराच्या जाहिरातीइतका बढाईखोर कागद दुसरा नसेल.

तरीही युरोप-अमेरिकेतल्या जादूगारांचा इतिहास पुष्कळ भरघोस लिहिला गेला आहे. त्याचे श्रेय त्यांच्या मंडळांकडे जाते. १० मे १९०२ रोजी न्यू यॉर्कमधल्या मार्टिन्का यांच्या जादूसामानाच्या दुकानात अमेरिकन जादूगारांची सोसायटी निघाली. १९०५ साली लंडनमध्ये ‘मॅजिक सर्कल’ स्थापन झाले आणि डेव्हिड डेव्हंट त्याचा पहिला अध्यक्ष झाला. १९२२ साली कॅनडातल्या विनिपेगहून जादूगारांचे आंतरराष्ट्रीय बंधुमंडळ सुरू झाले. या सगळ्यांचा नियम एकच : बाहेर गुपित फोडायचे नाही. आतमध्ये मात्र ही मंडळी कमालीची लिहिती होती. कोण कुठे खेळ करून आला, कोणती युक्ती कोणी आधी काढली, कोणाला पदक मिळाले, सारे त्यांच्या मासिकांत छापून येई. त्या मासिकांवर, पत्रांवर आणि हस्तपत्रकांवर पुढे संग्राहक पोसले गेले. हुडिनीची हजारो पुस्तके १९२७ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेली. हॅरी प्राइसचा संग्रह लंडन विद्यापीठाकडे आला. जॉन मल्होलंडचा संग्रह डेव्हिड कॉपरफील्डने १९९१ मध्ये २२ लाख डॉलरना विकत घेतला. गुप्ततेची शपथ घेतलेल्यांनी एवढा कागद मागे ठेवावा, ही त्या शपथेची गंमतच म्हणायची. ती शपथ पोकळ नव्हती, हेही सांगायला हवे. आपल्या युक्त्या मासिकात छापल्या म्हणून खुद्द डेव्हंटलाच म्हातारपणी मॅजिक सर्कल सोडावे लागले.

आता आपल्याकडे वळू. १९०१ साल सरत असताना, म्हणजे न्यू यॉर्कची सोसायटी निघायला काही महिने आणि लंडनची निघायला तीनेक वर्षे बाकी असताना, एक मराठी गृहस्थ ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे जाहीर प्रयोग करू लागले. त्यांचे खरे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे ते दादासाहेब झाले, भारतीय चित्रपटाचे जनक ठरले, आणि त्या मोठेपणाच्या सावलीत केळफा जवळजवळ दिसेनासे झाले. चरित्रांत ते दोन-तीन ओळींत आटोपतात. त्या ओळींमागे कोणता पुरावा आहे आणि तो किती वजन पेलतो, एवढेच इथे पाहायचे आहे.

ज्यावर वाद नाही ते आधी. फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, नंतर बडोद्याच्या कलाभवनात गेला. सयाजीरावांच्या राज्यात त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली उभी केलेली ही संस्था. चित्रकला, छायाचित्रण, ठसे घेणे, यंत्रकाम असे सगळे एका छपराखाली शिकवणारी दुसरी जागा त्या काळी शोधून सापडली नसती. पुढे फाळक्यांनी गोध्र्याला छायाचित्रांचा व्यवसाय मांडला. १९०० च्या सुमारास प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले, तेव्हा ते बडोद्याला परतले. कॅमेरा माणसाचे सत्त्व शोषून घेतो अशी वावडी तिथे उठली होती. गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणे आले, क्वचित एखादी छोटी भूमिकाही. याच दिवसांत बडोद्याला आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून त्यांनी काही खेळ शिकून घेतले. १९०२ साली दुसरा विवाह झाला. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली. म्हणजे केळफांचा रंगमंचावरचा मुख्य काळ या दोन वर्षांच्या फटीत बसतो : एक संसार मोडलेला, दुसरा अजून स्थिरावलेला नाही, धंदा बसलेला.

हा जर्मन जादूगार कोण, याचे एक तयार उत्तर लेखांमधून फिरत असते. तो म्हणे कार्ल हर्ट्झ, ल्युमिएर बंधूंनी नोकरीला ठेवलेल्या चाळीस जादूगारांपैकी एक. उत्तर इतके नेटके आहे की लगेच संशय यावा. कार्ल हर्ट्झ खरोखरीचा माणूस होता, नामांकित जादूगार होता, हिंदुस्थानातही येऊन गेला होता. पण तो जर्मन नव्हता. १८५९ साली अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात तो जन्मला. मूळचे आडनाव मॉर्गनस्टर्न, आणि हर्ट्झ हे रंगमंचावरचे. ल्युमिएरांचाही तो कोणी नव्हता. १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेला निघण्यापूर्वी त्याने लंडनच्या रॉबर्ट पॉलकडून चित्रपट दाखवण्याचे यंत्र विकत घेतले. मे महिन्यात जोहान्सबर्गला आणि ऑगस्टमध्ये मेलबर्नला त्याने चित्रे दाखवली ती याच यंत्रावर. ज्या लांबलचक दौऱ्यात त्याने हिंदुस्थान पाहिला, तो दौरा शतक संपण्यापूर्वीचा. केळफा रंगमंचावर येतात ते १९०१ च्या अखेरीस. ल्युमिएरांचा जो माणूस प्रत्यक्ष मुंबईत आला आणि ज्याने ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात चित्रे दाखवली, तो मारियुस सेस्तिए पेशाने औषधविक्रेता होता. जादूशी त्याचा संबंध नव्हता. तेव्हा या तयार उत्तरातले राष्ट्रीयत्व चुकीचे, मालक चुकीचा आणि सालही जुळत नाही. बहुधा कोणीतरी ‘जर्मन जादूगार’ हे शब्द वाचले, हर्ट्झचे नाव जर्मन वाटले आणि दोन्ही एकत्र शिवून टाकले. नंतरच्यांनी फक्त नक्कल केली.

जादूच्या इतिहासात हे नेहमीचेच. भारतीय दोराच्या जादूची सगळ्या जगात गाजलेली हकिकत ८ ऑगस्ट १८९० च्या ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये आली. काही महिन्यांनी त्याच वर्तमानपत्राने ती बनावट असल्याचे कबूल केले. पहिली बातमी खंडोखंडी पोचली, कबुली कोणी वाचली नाही.

आता केळफांचा पहिला पुरावा, म्हणजे खुद्द नाव. आधी ‘प्रोफेसर’ या बिरुदाकडे वळू. त्या काळात त्याचा महाविद्यालयाशी काडीचाही संबंध नसे. सर्कसवाले, मल्ल, जादूगार, सगळे प्रोफेसर. खुद्द बडोद्यात व्यायामाचे आचार्य प्रो. माणिकराव म्हणूनच ओळखले जात. इंग्रजीत १८७६ साली ‘मॉडर्न मॅजिक’ हे पुस्तक लिहून घराघरांत हौशी जादूगार तयार करणारे ‘प्रोफेसर हॉफमन’ हे वास्तविक अँजेलो लुईस नावाचे बॅरिस्टर होते. जादूवर लिहितो म्हटल्यावर अशील पळून जातील, या भीतीने त्यांनी टोपणनाव घेतले. शास्त्र्याच्या मुलाने, तेही छायाचित्रकार म्हणून संस्थानात जम बसवू पाहताना, आडनाव उलटे करून लावले त्यामागे अशीच काळजी असेल, असा माझा तर्क आहे. तो तर्कच, पुरावा नव्हे. पण नावाची घडण काही वेगळे सांगते. रोमन अक्षरे उलटी केली तर ‘केळफा’ निघत नाही. फा-ळ-के उलटे वाचले तरच निघते. बिरुद साहेबी, पण नाव मराठी डोळ्यांसाठी रचलेले. ज्याला देवनागरी वाचता येते त्याला ते दोन क्षणांत उलगडेल, आणि त्याने ते उलगडावे अशीच बहुधा अपेक्षा होती. इंग्रजी सूचींतून परत मराठीत येताना त्याचे ‘केल्फा’ झाले आणि ही सारी मौज गेली.

दुसरा पुरावा खुद्द फाळक्यांच्या हातचा. नोव्हेंबर १९१७ ते सप्टेंबर १९१८ या काळात त्यांनी ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटावर चार लेख लिहिले. चित्रपटासाठी लागणाऱ्या कला आपल्याला आधीपासून अवगत होत्या हे सांगताना ते चित्रकला, शिल्प, छायाचित्रण, नाट्य यांच्या रांगेत जादूही बसवतात. हा मजकूर मोलाचा आहे, कारण जादू ही तरुणपणची मौज होती असे म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवलेली नाही. आपल्या पात्रतेच्या यादीत तिला जागा दिली आहे. मात्र तो कधी लिहिला गेला हे विसरता येत नाही. प्रयोगांना सोळा वर्षे उलटली होती, आणि लेखकाची कंपनीसाठी भांडवल उभे करण्याची खटपट चालू होती. अशा वेळी माणूस आपले गुण मोजून दाखवणारच. म्हणून या लेखांवरून एवढेच म्हणावे, की १९१७ मध्ये फाळके जादूला चित्रपटाच्या कारागिरीचा भाग मानत होते. १९०१ मध्ये ते काय मानत होते, हे त्यातून निघत नाही.

तिसरा पुरावा सगळ्यांत आकर्षक आणि सगळ्यांत फसवा. १९१६ साली फाळक्यांनी ‘प्रोफेसर केळफाज मॅजिक’ हा लघुपट काढला. त्यात ते स्वतःच जादूगार म्हणून दिसतात. त्याचा तुकडा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीचा मराठी जादूगार, नाव निश्चित, ओळख निश्चित, आणि तो हलताना दिसतो! कागद धुंडाळून थकलेल्या माणसाला आणखी काय हवे? पण थांबून विचार केला की पाय जमिनीवर येतात. कॅमेऱ्यासमोर जादूगाराला हात चालवण्याची गरजच नसते. कॅमेरा फिरवणारा थांबतो, समोरचा माणूस आहे त्याच अवस्थेत खिळून राहतो, वस्तू बदलली जाते, पुन्हा दांडा फिरू लागतो. पडद्यावर वस्तू गायब होते. नंतर फितीवर मधला धक्का कापून टाकला की झाले. तेव्हा या तुकड्यावरून केळफांच्या बोटांत सफाई किती होती, हे ठरवता येत नाही. त्यातून ठरते ते वेगळेच. प्रयोग थांबून तेरा-चौदा वर्षे झाली असताना, ‘राजा हरिश्चंद्र’नंतर देशभर नाव झाले असताना, फाळक्यांना ते जुने उलटे नाव परत घ्यावेसे वाटले. ज्याची लाज वाटते ते नाव कोणी पडद्यावर आणत नाही.

शिवाय संग्रहालयातल्या डब्यावरची चिठ्ठी म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी दोन रिळे उरली आहेत ती १९१३ ची म्हणून वर्षानुवर्षे दाखवली गेली. ती फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाची आहेत, असे आता अनेक अभ्यासक मानतात. लघुपटांची साले तर सूचीगणिक एखाददुसऱ्या वर्षाने सरकतात. आणि आता मूळ फिती तपासायची सोयही फारशी उरली नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली, तीत जुन्या मूक चित्रपटांच्या मूळ फिती जळाल्या. पाहायला मिळतात त्या नंतर केलेल्या प्रती.

तरीही मला या पुराव्यांत एक दुवा भक्कम वाटतो, आणि तो १९१६ च्या आधीचा आहे. १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर फाळक्यांनी पहिली चित्रफीत काढली ती कुठल्याही पौराणिक कथेची नव्हती. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठाण मांडून ठेवला आणि ठराविक अंतराने थोडे थोडे चित्रण करत जवळजवळ महिना घालवला. पडद्यावर बी रुजते, कोंब वर येतो, वेल होते, सगळे काही क्षणांत. ‘अंकुराची वाढ’ ही ती फीत. ती पाहूनच यशवंत नाडकर्णी यांनी पैसे कर्जाऊ दिले.

आता गारुड्याचा खेळ आठवा. खेडेगावाला जादू म्हणजे गारुडीच. तिकिटाची जादू शहरात. गारुडी आंब्याची कोय मातीत पुरतो, वर कापडाचा लहानसा तंबू करतो, डमरू वाजवतो. कापड उचलतो तर वीतभर रोप. पुन्हा झाकतो, पुन्हा उचलतो, तर हातभर झाड. परदेशी प्रवाशांनी वर्णन केलेल्या हिंदुस्थानी खेळांत या आंब्याचा मान फार वरचा आहे. मेजर ब्रॅन्सन यांनी १९२२ साली आपल्या पुस्तकात त्याची उकलही दिली : लहानमोठ्या डहाळ्या कापडाच्या आड आधीपासून तयार असतात, झाकण्याच्या निमित्ताने त्या बदलल्या जातात. फाळक्यांच्या वाटाण्यात आणि या आंब्यात प्रेक्षकाला दिसते ते अगदी एकच. फरक एवढाच की गारुडी वेळ आहे तसा ठेवून रोप बदलतो, आणि फाळक्यांनी रोप खरे ठेवून वेळ कापला. भांडवलदाराला गार करायला त्यांनी देवदेवता निवडल्या नाहीत, रस्त्यावरचा सगळ्यांत जुना खेळ निवडला. तो त्यांनी जाणून निवडला असे कुठे लिहिलेले नाही. पण केळफा राहून गेलेल्या माणसाच्या हाताला तोच सुचावा, यात नवल नाही.

पुढचे मग ओळखीचे वाटू लागते. ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये नाणी आपली आपण सरकतात, ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचतात. मुख्य चित्रपटाबरोबर दाखवायचे हे छोटे खेळ म्हणजे जादूगाराच्या टेबलावरचे किरकोळ सामानच : नाणे, काडी, पत्ता. ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये कंसाला जिकडेतिकडे कृष्ण दिसू लागतो तेव्हा तेच कसब मोठ्या अंगाने येते. जगात इतरत्रही हेच घडत होते. पॅरिसचा जॉर्ज मेलिए जादूचे नाटकगृह चालवता चालवता १८९६ मध्ये चित्रपटाकडे वळला आणि फ्रेंच जादूगारांच्या संघटनेचा अनेक वर्षे अध्यक्ष राहिला. वर आलेला डेव्हंट त्याच वर्षी लंडनमध्ये पॉलचे यंत्र घेऊन चित्रे दाखवत होता. पण मेलिए आणि डेव्हंट यांना जादूगार म्हणून ओळखणारी मंडळे होती, त्यांची मासिके होती, त्यामुळे त्यांच्या आयुष्याचे दोन्ही भाग सलग वाचता येतात. फाळक्यांचा जादूगार हा भाग टिकला तो केवळ चित्रपटाच्या आश्रयाने. ते चित्रपटाकडे वळले नसते, तर प्रोफेसर केळफा हे नाव आज कोणाच्याही कानावर नसते. त्याच वर्षांत, त्याच रंगमंचांवर, असेच बिरुद लावून खेळ केलेल्या इतरांचे हेच झाले आहे.

रस्त्यावरच्यांचे तर त्याहून वाईट. त्यांच्यावरचा सरकारी कागद पाहावा तर १९५९ चा मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायदा : गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे यांच्या मिषाने सार्वजनिक जागी पैसे घेणे हीही भीकच, असे त्याची व्याख्या म्हणते. ज्याच्या आंब्यावर मेजरसाहेबांनी पुस्तकात लिहिले, त्याची आपल्या दफ्तरातली नोंद ही अशी.

केळफांनंतर निम्म्या शतकाने पुण्याच्या रघुवीर भोपळे यांनी रंगमंचावरच्या जादूगारांपुरते हे चित्र काही अंशी बदलले. जादूगार रघुवीर म्हणून देशोदेशी फिरलेल्या या माणसाने ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले, आणि मुलगा विजय, नातू जितेंद्र अशी तिसरी पिढी रंगमंचावर आली. घराणे असले की पेटीही राहते, पोस्टरेही राहतात, आठवण सांगणारेही राहतात. फाळक्यांच्या घरात जादूची दुसरी पिढी झाली नाही. मुले पडद्यावर आली, जादूच्या टेबलामागे नाही.

तेव्हा केळफांचा कागद शोधायचाच, तर तो दुसऱ्यांच्या दफ्तरात शोधावा लागेल. बडोदे संस्थानात राजवाड्यापुढे कला दाखवणाऱ्यांचा हिशेब खानगी खात्यात होई, कलावंतांसाठी स्वतंत्र कारखानाच होता. जर्मन पाहुण्याने महाराजांपुढे खेळ केला असेल, तर त्याची बिदागी तिथे रुपये-आण्यांत लिहिलेली असणार, आणि तिच्याशेजारी नावही. दुसरी जागा नाटक कंपन्यांची. फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी, माहेरच्या गिरिजा करंदीकर, या किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातल्या. लग्न १९०२ चे, म्हणजे प्रयोगांच्या ऐन काळातले. पडदे रंगवून घेणाऱ्या कंपन्यांच्या खर्चवह्यांतही हे नाव डोकावू शकते.

आणि उद्या एखाद्या जुन्या बाजारात ‘प्रो. केळफा’ असे छापलेले हस्तपत्रक कोणी पुढे केलेच, तर खिशात हात घालण्याआधी चार गोष्टी पाहाव्या. अशा पत्रकांवर साल सहसा नसतेच, वार आणि तारीख असते, ती जुन्या पंचांगाशी ताडून पाहावी. मग तळाची बारीक ओळ. १८६७ च्या कायद्याने ब्रिटिश हद्दीत छापलेल्या कागदावर मुद्रकाचे नाव आणि ठिकाण घालणे सक्तीचे होते. गोध्रे पंचमहाल जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश मुलखात, तेव्हा तिथल्या छापखान्याचा कागद असेल तर ती ओळ हवीच. बडोदे संस्थान, तिथे ती नसली म्हणून पत्रक खोटे ठरत नाही. मुद्रकाचा पत्ता मिळाला की तो छापखाना १९०१-०२ मध्ये तिथे होता का, हे पाहता येते. शेवटी नाव. देवनागरीत ‘केल्फा’ असे छापलेले असेल, तर ज्याने ते छापले त्याने ते इंग्रजी पुस्तकातून उचललेले आहे, असे समजून पुढचा भाव करू नये.